चाल सोडून वाचताना

मी एका जागी स्वस्थ बसलेली दिसले की घरातली माणसं अजूनही विचारतात, बरं नाही का वाटत? लहानपणी माय म्हणायची, ही पोटात असतानाच हिला मुंग्या चावल्या असतील. जेवताना उठायची, वेणी घालताना पळायची, समोरच्याचं वाक्य अर्धं झालं की उरलेलं मीच बोलून टाकायची. आणि अशा पोरीला पावसाळ्याचे तीन महिने रोज दिवेलागणीला विहारात मांडी घालून बापाच्या शेजारी बसावं लागायचं. काय हाल झाले असतील माझे, तुम्हीच विचार करा.

बसावं लागायचं, कारण आमचे आबा ग्रंथ वाचायचे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास, आणि वर्षावासात रोज वाचन. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. वाटूरहून आत कच्च्या रस्त्यानं तासभर चाललं की आमचं गाव, आणि गावाच्या कडेला आमची वस्ती. विहार म्हणजे चार भिंती, वर पत्रे, आत बुद्धाची एक तसबीर आणि एक लाकडी पाट. पाटावर पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेलं जाडजूड बुद्धचरित्र. पाटामागं आबा, आणि त्यांच्या शेजारी कंदील सांभाळत मी. वात वर-खाली करायचं काम माझं होतं. माझं दुसरंही एक काम होतं, ते आम्हा दोघांशिवाय घरात फक्त मायला ठाऊक होतं.

आबा विहिरीच्या कामावर जायचे, खोदायला आणि दगड वर काढायला. शाळा त्यांनी बाहेरूनच पाहिलेली. मोठेपणी, लग्न होऊन मी झाल्यावर, ते प्रौढांच्या वर्गात पाटी घेऊन बसले आणि अक्षरं शिकले. वस्तीत त्यांच्या वयाच्या माणसांत वाचता येणारे ते एकटेच, म्हणून ग्रंथ त्यांच्याकडे आला. वर्षभर तो आमच्या घरात कोनाड्यात असायचा. धूर लागतो म्हणून मायनं चूलसुद्धा दुसऱ्या भिंतीला हलवली होती. गावात आबांना कुणीही "ए" करून हाक मारायचं. वस्तीत मात्र लोक विचारायचे, "वाचणारे आले का?" हे तुम्हाला लहान वाटेल. आम्हाला ते अजिबात लहान नव्हतं.

आता ते वाचायचे कसे ते सांगते. चालीत. वाक्य सुरू झालं की आवाज वर चढायचा, मध्ये एक हेलकावा घ्यायचा, आणि शेवटचं अक्षर लांबच लांब ओढलं जायचं. "निघालाऽऽऽ." सगळी वाक्यं अशीच. राजपुत्र जन्मला तरी तीच चाल, रस्त्यात आजारी माणूस दिसला तरी तीच, आणि लढाईवरून भांडण झालं तरी तीच. लोक डोलत ऐकायचे. काहीजण डोलता डोलता झोपायचे. पण वाचन म्हणजे असंच असतं हे सगळ्यांना कबूल होतं, कारण दुसरं वाचन कुणी ऐकलंच नव्हतं.

ती चाल कशासाठी आहे हे मला माहीत होतं. मी शेजारी बसून त्यांचं बोट बघायची ना! तोंडानं शेवटचं अक्षर ओढणं चालू असायचं आणि तेवढ्यात बोट पुढच्या शब्दावर पोचलेलं असायचं. आबा तो शब्द मनातल्या मनात जुळवून घ्यायचे. साधा शब्द असला तर थोडं ओढायचं, जोडाक्षर आलं तर जास्त. "प्रव्रज्या" असला काही शब्द पुढं उभा राहिला की आधीच्या वाक्याचा शेवट इतका लांबायचा की म्हातारी माणसं हातच जोडायची. आणि तरीही शब्द लागला नाही, तर वात वर करायच्या निमित्तानं मी वाकायची आणि हळूच त्यांच्या कानात तो सांगायची. हे माझं दुसरं काम.

असं किती वर्षं चाललं असतं कोण जाणे. पण त्या वर्षी श्रावणात वाटूरच्या शाळेवर नवे गुरुजी बदलून आले. आपल्याच समाजातले, औरंगाबादला शिकलेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. एका रविवारी ते आमच्या विहारात आले. त्रिसरण-पंचशील झालं, वाचन झालं, त्यांनी सगळं मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "काका, एक बोलू का? राग मानू नका."

"बोला की गुरुजी."

"ही चाल पोथीची आहे. तुम्ही वाचताय बुद्धाचं चरित्र आणि लावलीय पोथीची चाल. पोथ्या आपण सोडल्या. मग चाल कशाला ठेवली?"

खोटं कुठं होतं ते! आबा लहान असताना गावातल्या देवळाबाहेर, पायरीच्याही खाली बसून पोथी ऐकायचे. आतला आवाज बाहेर यायचा, शब्द धड कळायचे नाहीत, चाल तेवढी पोचायची. पुढं घरातले देव नदीत सोडले, सण सोडले, नवस सोडले. चाल मात्र गळ्यात राहून गेली होती आणि ती तिथं आहे हे आबांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. त्यांचं तोंड असं उतरलं की मला गुरुजींचा भयंकर राग आला.

"बोलल्यासारखं वाचा," गुरुजी म्हणाले. "माणसं बोलतात तसं. प्रश्न असेल तिथं प्रश्न वाटला पाहिजे, दुःख असेल तिथं दुःख. आवाज जरा वर, जरा खाली. बघा बरं एक वाक्य वाचून."

आबांनी पान उघडलं. चाल काढून घेतल्यावर मागं काय उरणार होतं ते मला आधीच कळलं. "रा... राज... राजपु..." कुणाचं तरी पोरगं खिदळलं. आबांनी पुन्हा सुरुवात केली. "राज... पुत्रानं त्या... त्याच्या..." घाम आला त्यांना. मी वात वर करायला वाकले, पण गुरुजींची नजर आमच्यावरच होती.

"पोरीला वाचू द्या, ती शाळंत जाती," कुणीतरी म्हणालं. मी वाट कशाला बघते! ग्रंथ ओढून घेतला आणि सुटले. शाळेत मला शाबासकीच त्यासाठी मिळायची की मी सगळ्यांत आधी धडा संपवते. पान संपवून वर बघितलं तर सगळे माझ्याकडं बघून राहिलेले. कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली, "पोरी, पाठीमागं कुत्रं लागलंय का तुझ्या? राजा कोन आन् घोडा कोन, काई कळलं न्हाई बग."

गुरुजी माणूस वाईट नव्हता. त्यांनी मार्ग काढला. आश्विन पौर्णिमेला समाप्ती, आजूबाजूच्या गावांची माणसं येणार. राजपुत्र घर सोडतो तो प्रसंग मी सोप्या भाषेत लिहून देतो, काकांनी तोवर तयारी करावी आणि चाल न लावता वाचावा. इथवर ठीक होतं. पण वस्तीतल्या एका शहाण्यानं पुढं जोडलंच, "आन् न्हाई जमलं तर गुरुजीच वाचतील. मंग ग्रंथ बी त्यायच्याकडंच ठिऊ. शिकलेल्या मानसाकडं बराबर शोभतो." कुणी नको म्हणालं नाही. आबा ग्रंथ कपड्यात गुंडाळत होते. त्यांनी गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

माझ्या डोक्यात तेव्हा दुसराच किडा वळवळत होता, तोही सांगायला हवा. मी दहावीला होते. दहावी झाली की जालन्याला जायचं, वसतिगृहात राहायचं, मास्तरकीचं शिकायचं. वर्गातली एक मुलगी जुन्या जालन्यात मामाकडे राहून आली होती आणि तिनं तिथल्या गल्ल्या, कापडाची दुकानं, धान्याच्या पोत्यांनी अडलेले रस्ते असं काही रंगवून सांगितलं होतं की माझे पाय गावात ठरेनात. दिवसाआड मी आबांना विचारायची, "जाऊ ना मी जालन्याला?" आणि आबा म्हणायचे, "बघू."

त्यांचे "बघू" मला ओळखता यायचे. बाजारातून रिबीन आणा म्हटलं की "बघू" तुटक यायचं, म्हणजे आणणार. तंबूतला सिनेमा म्हटलं की "बघूऽ" लांब यायचं, म्हणजे विसरा. जालन्याचं "बघू" यातल्या कशातच बसत नव्हतं. ना वर, ना खाली. मी रात्रंदिवस ते कानात घोळवायची आणि त्यातून काहीही निघायचं नाही. जीव नुसता टांगणीला!

तयारी सुरू झाली, विहारात मात्र रोजचं वाचन चालीतच चालू राहिलं. रविवारी मी भाकरी घेऊन विहिरीवर जायची. जेवणाच्या सुट्टीत बाकीची माणसं बाभळीखाली आडवी व्हायची आणि आम्ही बापलेक मातीच्या ढिगाआड गुरुजींनी दिलेले कागद काढून बसायचो. अक्षर मोठं होतं, सुबक होतं. तरीपण आबांचं गाडं दर शब्दाला अडायचं, आणि ते अडले रे अडले की मी तो शब्द बोललेच म्हणून समजा.

"अगं थांब ना जरा! मला गाठू तर दे!" आबा ओरडायचे.

"तुमी जल्दी गाठा ना मंग!"

"जल्दी गाठायला मी काय बशीमागं पळून राह्यलो?"

मी त्यांना वर-खाली आवाज शिकवायला जायची. शिकवणार काय, मलाच येत नव्हतं. मी म्हणायची, हा प्रश्न आहे, इथं आवाज वर न्या. आबा न्यायचे, तो इतका वर जायचा की बाभळीखालची माणसं मान उचलून बघायची. मी म्हणायची, इथं दुःख आहे. आबा दुःख म्हणून आवाज बारीक करायचे, तर पोट दुखत असल्यासारखं वाटायचं. एकदा त्यांनी कागद माझ्या मांडीवर टाकले. "न्हाई जमत. घिऊन जाऊ दे त्यायला ग्रंथ." असं म्हणाले आणि उठून विहिरीत उतरले. मी ढिगाआड एकटी बसून रागानं रडले. गुरुजींवर रागावले, आबांवर रागावले, आणि त्या मेल्या जोडाक्षरांवर तर सगळ्यांत जास्त.

उपाय सापडला तो चुलीपाशी. एका संध्याकाळी माय भाकरी करता करता आडावरचं भांडण सांगत होती. मायला अक्षर ओळखीचं नाही, पण भांडण सांगावं तिनंच. दोघींचे आवाज वेगळे, तिसरी मध्ये पडली तिचा आणखी वेगळा. सांगता सांगता ती म्हणाली, "आन् मंग ती कमरंवर हात ठिऊन काय म्हनली..." आणि इथं थांबली. तव्यावरची भाकरी उलटली. कडा दाबल्या. हाताचं पीठ झटकलं. आम्ही दोघं तोंड उघडं टाकून बसलेलो.

"काय म्हनली?" आबांना राहवेना.

मग मायनं सांगितलं. काय सांगितलं ते मला आठवत नाही, पण आबा एकदम हसायला लागले. "बग गं," मला म्हणाले, "हिनं भाकर उलटीस्तोवर आपल्याला लटकवून ठिवलं. आपुन उठून गेलो का?"

"न्हाई."

"आन् तवर ती गप्पच व्हती ना? चाल बी न्हाई लावली, ओढलं बी न्हाई?"

मला कळलं! चालीत ओढायचा वेळ नुसता गप्प राहून काढला तर? तेवढ्याच वेळात बोट पुढं सरकेल, शब्द जुळेल, आणि लोकांना वाटेल वाचणारा मुद्दाम थांबलाय. मी तव्याजवळच नाचायला लागले. माय म्हणाली, भाकर जळंल, बाजूला हो.

त्या दिवसापासून आमच्या घरात थांबण्याला "भाकर उलटणं" असं नाव पडलं. आबा आधी अख्खं वाक्य डोळ्यांनी वाचायचे, मग मान वर करून ते बोलायचे. बोललेलं चढ-उतारासकट यायचं, कारण वाक्य कुठं चाललंय ते त्यांना आता आधीच माहीत असायचं. प्रश्न आपोआप प्रश्नासारखा यायला लागला. अडले तर भाकर उलटायची. लोक थांबतील का, ही त्यांची भीती मात्र जात नव्हती.

"थांबतील की," मी म्हणायची. "बशीसाठी थांबतात, तुमच्यासाठी न्हाई थांबनार?"

खरा अडसर निघाला तो भलत्याच ठिकाणी. गुरुजींच्या प्रसंगात शेवटी राजा आणि राजपुत्र समोरासमोर येतात. राजा आधी नाही म्हणतो, मग रागावतो, मग हातापाया पडतो, आणि शेवटी मुलाला म्हणतो, "जा." गुरुजींनी तो शब्द वेगळ्या ओळीवर लिहिला होता, एकटाच. वर आबांना सांगून ठेवलं होतं, "काका, सगळा प्रसंग या एका शब्दात आहे. इथं जीव ओता."

एक अक्षर. ज ला काना. पाटीवर पहिल्या आठवड्यात गिरवलेलं. आणि तेच जमेना! आबा "जा" म्हणायचे ते शेळीला हाकलल्यासारखं. माय पदर तोंडात कोंबून हसायची. "आवं, पोरगं घर सोडून चाललंय, वावरात न्हाई घुसलं!" मग आबा हुकूम सोडल्यासारखं म्हणून बघायचे. मग कंटाळून म्हटल्यासारखं. मी म्हणून दाखवायची, माय म्हणून दाखवायची, "जा गं, काई बी बोलती" मधलंसुद्धा म्हणून झालं. घरात उठता-बसता तिघांचं जा, जा, जा. शेजारीण विचारायला आली, कुणाला घालवून राह्यले बाई एवढं?

"बापानं कसं म्हनलं असंल?" आबा खरंच विचारात पडायचे. "त्याला जाऊ तर द्यायचं न्हाई. मंग म्हनलं कसं असंल?"

समाप्ती जवळ आली तशी माझी तगमग वाढत गेली. जालन्याचं काहीच ठरेना. एका संध्याकाळी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच "बघू" आलं, आणि माझा तोल सुटला. "कवापातूर बघू? समद्याला बघू! राजाचं 'जा' तुमच्या तोंडातून निंघंल कसं, तुमच्या तोंडात 'बघू'शिवाय काई हायेच का?"

मायनं पाठीत एक धपाटा घातला. आबा उठले. चपला घातल्या आणि बाहेर गेले. मग माय माझ्याजवळ बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "येडे, तुला वाटतं तुला पाठवायचं मनात न्हाई त्यायच्या? तू गेल्यावर त्यायच्या कानात शब्द कोन सांगंल? मला सांगता येतो का? मानूस बसंल त्या पाटामागं समद्यांसमोर, आन् गप. मंग?"

बाई गं! हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी वाकून शब्द सांगायची त्यात मला मजा वाटायची, मोठेपणा वाटायचा. त्या कंदिलानं मला गावाशी बांधून ठेवलंय हे मला आत्ता दिसलं. आबा समाप्तीला नुसते ग्रंथासाठी वाचणार नव्हते. मी शेजारी नसताना वाचता येतं का, ते बघणार होते. त्यावर माझं जाणं अडलं होतं. त्यानंतर मी "जाऊ ना?" एकदाही विचारलं नाही. विचारायचं थांबवलं तर आतली उलघाल दुप्पट झाली, ती वेगळीच.

समाप्तीचा कार्यक्रम दुपारचा होता. विहारापुढं मांडव, बाजूला खिरीचं मोठं पातेलं, परतूरकडची, वाटूरची माणसं आलेली. मी सवयीनं आबांच्या मागोमाग पाटाकडं निघाले. आबा वळले. "तू मायजवळ बस आज," म्हणाले. "उजेड हाये. कंदील न्हाई लागत."

मी बायकांत जाऊन बसले. मायनं माझा गुडघा हातानं दाबून धरला, मी उठून पळेन अशी तिला खात्रीच असावी.

आबांनी कागद उघडले. नजर खाली, मग वर. पहिलं वाक्य आलं, साधं, बोलल्यासारखं. दुसरं आलं. लोक डोलायला तयार होऊन बसले होते, त्यांना डोलता येईना. सगळे ताठ झाले. एका ठिकाणी आबा थांबले. पुढं काय आहे ते मला पाठ होतं: प्रव्रज्या, म्हणजे घर सोडून भिक्षू होणं; सोप्या भाषेतही गुरुजींनी तेवढा शब्द तसाच ठेवला होता. जीभ माझ्या दातांवर आपटायला लागली. मायनं गुडघा आणखी दाबला. आबा कागदाकडं बघत होते, कपाळावर आठी. तेवढ्यात ती म्हातारी शेजारणीला कुजबुजली, "काय म्हनतो गं फुडं?" आणि शेजारीण म्हणाली, "गप, आईक." लोक थांबले होते! आबांनी मान वर केली आणि शब्द म्हटला, अख्खा, बिनचूक. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गुरुजी पुढं सरकून बसले.

राजा नाही म्हणाला. राजा रागावला, आणि आबांचा आवाज आम्ही कधी न ऐकलेल्या जागी गेला. राजानं विनवलं, तेव्हा पातेल्याजवळचे लोकसुद्धा डाव खाली ठेवून मांडवात आले. आणि मग ती ओळ आली.

आबा थांबले.

मी मनात भाकर उलटली. ती उलटून झाली, भाजून झाली, तरी आबा गप्प. मी मायकडं बघितलं. ती आबांकडं बघत होती. एक अक्षर होतं ते! यात जुळवायचं काय होतं? माझ्या ओठांवर आलेलं होतं, नुसतं सोडायचं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला शब्द सांगावासा वाटेना. आबांनी कागदावरून नजर उचलली. गर्दीतून शोधत शोधत ती बायकांकडं आली आणि माझ्यावर येऊन थांबली. त्यांचा खालचा ओठ हलत होता.

"जा," ते म्हणाले.

ना वर, ना खाली. जड वस्तू हातातून जपून खाली ठेवावी तसं. मांडवात बायका रडायला लागल्या. माय रडत होती आणि माझा गुडघा तिनं कधी सोडून दिला ते तिलाही कळलं नव्हतं.

पुढचं सगळं गडबडीत झालं. खीर वाटली, लोक आबांच्या पाया पडायला लागले, आबा "आरं, आरं" करत मागं सरत होते. ग्रंथ दुसरीकडं ठेवायचं म्हणणाऱ्या शहाण्यानंच तो कपड्यात गुंडाळून आबांच्या हातात दिला. गुरुजींनी त्यांचे दोन्ही हात धरले. "काका, त्या 'जा'च्या आधी केवढं थांबलात हो! हे कुठून आणलंत?"

"अक्षर लागंना, गुरुजी," आबा म्हणाले. "अडलो म्या."

सगळे हसले. गुरुजीही हसले. मला हसू आलं नाही.

घरी जाताना आबा ग्रंथ छातीशी धरून चालत होते. माय मागं पातेलं घासायला थांबली होती. मी त्यांच्या पुढं पळत होते, मागं येत होते, पुन्हा पुढं. शेवटी त्यांच्या वाटेत उभी राहिले. "आबा, 'जा' तुमाला येत न्हाई व्हय? खरं सांगा. खरंच अडले का तुमी?"

आबांनी ग्रंथ या हातातून त्या हातात घेतला. डोळे माझ्याकडं नव्हते, रस्त्याकडं होते.

"म्हनलं ना एकबार," ते म्हणाले. "समद्या गावासमोर म्हनलं. आता घरी नेऊन पुन्हा म्हनायला नको लावू, पोरी. मला दुसऱ्यांदा म्हनता यायचं न्हाई."